भंगारात निघालेली विद्यापीठे

खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारावा. एरवी तेलाने माखलेली यंत्रे त्या दिवशी पुसूनपासून लख्ख केलेली असतात. लेथवर हळद-कुंकू वाहिलेले असते, ड्रिलच्या खांबाला झेंडूची माळ असते आणि मिलिंग मशीनच्या ज्या टेबलावर रोज पोलादाचा कीस सांडतो, तेथे नारळ ठेवलेला असतो. ज्या साधनावर आपला चरितार्थ चालतो, त्या साधनापुढे वर्षातून एकदा तरी मस्तक झुकवावे, ही आपल्या समाजाची जुनी आणि सुंदर रीत आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या रीतीच्या शेजारीच दुसरी एक रीत रूढ झाली आहे. पूजेची फुले सुकतात न सुकतात तोच एखाद्या कारखान्याच्या दारात भंगारवाल्याचा ट्रक उभा राहतो. चाळीस-पन्नास वर्षे राबलेले यंत्र साखळीने ओढून त्यावर चढवले जाते आणि बिडाच्या त्या दिवशीच्या भावाने, किलोवर, त्याचा हिशेब होतो.

व्यवहार म्हणून यात कोणी चूक काढणार नाही. जागा महाग झाली आहे, संगणकनियंत्रित यंत्रे आली आहेत, जुन्या यंत्रावर काम करणारा मिस्त्री निवृत्त झाला आहे आणि त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. मालकाने काय करावे? प्रश्न मालकाच्या व्यवहाराचा नाही. समाजाच्या हिशेबाचा आहे. तराजूच्या एका पारड्यात यंत्र आणि दुसऱ्यात वजने ठेवली, की लोखंडाचे मोल कळते. त्या लोखंडात मुरलेल्या ज्ञानाचे मोल सांगणारा तराजू आपल्याकडे नाही, आणि तो नाही याची खंतही आपल्याला वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही न वाटणारी खंत हा आहे.

यंत्रांची जननी

प्रथम हे यंत्र काय आहे ते थोडक्यात पाहू. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर नेमके उलटे असते: दातेरी कटर स्वतःभोवती फिरतो आणि टेबलावर वाइसमध्ये घट्ट पकडलेले काम त्याच्यापुढे हळूहळू सरकत जाते. टेबल डावीकडून उजवीकडे जाते, पुढे-मागे होते आणि वर-खाली होते. या तीन गतींच्या मेळातून सपाट पृष्ठे, खाचा, कोन, चाव्यांची घरे आणि गिअरचे दाते घडतात. गोल वस्तू लेथची आणि सपाट, कोनाची, खाचांची वस्तू मिलिंगची, अशी ढोबळ वाटणी करता येईल. जगातील बहुतेक सर्व यंत्रे या दोन यंत्रांच्या पोटी जन्माला आली आहेत. म्हणूनच त्यांना यंत्रांची जननी म्हटले जाते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

या जननीचा इतिहास राजेमहाराजांच्या इतिहासापेक्षा कमी रंजक नाही. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कल्पना तयार होती. पण सिलिंडर पुरेसा गोल कोरता येईना आणि वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफा कोरण्यासाठी नवे बोअरिंग यंत्र केले, त्याच विद्येने वॉटचा सिलिंडर कोरला गेला आणि मग औद्योगिक क्रांतीचे चाक खऱ्या अर्थाने फिरू लागले. बुद्धी वॉटची होती, पण ती अडली होती कारखान्यात. पुढे हेन्री मॉडस्लेने अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचे एक प्रमाण ठरवून दिले. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसत नसे.

याच व्हिटवर्थने तीन पाटांची रीत जगापुढे मांडली. ती प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवण्याजोगी आहे. पूर्ण सपाट पृष्ठ तयार करायचे, पण मापायला आधीचे सपाट पृष्ठच नाही, तर काय करायचे? दोन पाट एकमेकांवर निळा रंग लावून टेकवले आणि उंचवटे खरवडत गेले, तर ते परस्परांशी जुळतील खरे. परंतु एक किंचित खोलगट आणि दुसरा तितकाच फुगीर झाला, तरीही ते जुळतीलच. म्हणून तिसरा पाट घ्यायचा आणि तिघांनाही आळीपाळीने एकमेकांशी पडताळायचे. तिन्ही परस्परांशी जुळले, तर ते सपाटच असले पाहिजेत. दुसरी शक्यताच उरत नाही. जगातील सगळी अचूकता अशी केवळ तर्काने आणि हाताच्या कष्टाने, शून्यातून निर्माण झाली आहे. जुन्या कारखान्यातला सरफेस प्लेटचा बिडाचा पाट ज्याने पाहिला आहे, त्याने या तर्काचे मूर्त रूप पाहिले आहे.

मिलिंग मशीनचा जनक म्हणून अमेरिकेच्या एली व्हिटनीचे नाव बरीच वर्षे घेतले जाई. नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की १८१० ते १८२० या काळात कनेक्टिकटमधील सिमिअन नॉर्थसारख्या अनेक बंदूक-कारागिरांच्या कारखान्यांतून हे यंत्र हळूहळू आकाराला आले. अमेरिकी यादवी युद्धात मस्केटची छिद्रे पाडण्यासाठी लागणाऱ्या ड्रिलची मळसूत्री खाच कारागीर कानशीने घासून काढत. त्या कष्टावर तोड म्हणून जोसेफ ब्राऊनने १८६२ साली 'युनिव्हर्सल' मिलिंग मशीन तयार केले. आज आपल्या तंत्रशाळांत उभे असलेले मिलिंग मशीन त्याच घराण्यातले आहे.

रायफल, पाणबुडी आणि राष्ट्र

हा केवळ तंत्रज्ञांचा इतिहास नव्हे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या विंडसर या लहानशा गावी रॉबिन्स अँड लॉरेन्स नावाचा बंदुकांचा कारखाना होता. त्याच्या रायफली १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडल्या गेल्या. कोणत्याही रायफलीचा कोणताही भाग दुसरीला बसतो, हे पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले. त्यांनी आपले पथक अमेरिकेला धाडले आणि एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्यासाठी मिलिंग मशीनसह अनेक यंत्रे तेथून मागवली. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांनी १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी पेटवली, त्याच रायफलीचा हा कारखाना. समराच्या त्या काळात एका बाजूला शौर्य कमी नव्हते. पण दुसऱ्या बाजूला शौर्याबरोबर यंत्रे घडवणारी यंत्रेही उभी राहत होती. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद केली.

सव्वाशे वर्षांनीही चित्र बदललेले नव्हते. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सोव्हिएत रशियाला नऊ अक्षांची प्रचंड मिलिंग यंत्रे विकली. त्यांचे नियंत्रक नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे होते. या यंत्रांवर पाणबुड्यांचे पंखे इतके अचूक कोरले गेले, की त्यांचा आवाज टिपणे अवघड झाले, असा आरोप अमेरिकेने केला. प्रकरण १९८७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसदेच्या प्रांगणात तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडून आपला संताप व्यक्त केला. एका मिलिंग मशीनपायी दोन मित्रराष्ट्रांचे संबंध ताणले गेले.

आपला अनुभव याहून वेगळा नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर स्थापन झालेल्या अणुपुरवठादार गटाने १९९२ साली दुहेरी वापराच्या वस्तूंवर निर्बंध घातले. त्या यादीत विशिष्ट अचूकतेची मिलिंग यंत्रेही होती. १९९८ च्या चाचण्यांनंतर निर्बंधांचा फास आणखी आवळला गेला. तात्पर्य, जगातील बलाढ्य राष्ट्रे मिलिंग मशीनकडे भंगार म्हणून पाहत नाहीत. ती त्याच्याकडे शस्त्रागाराचा पाया म्हणून पाहतात. आणि उच्च अचूकतेच्या यंत्रांसाठी आजही आपल्याला मोठ्या प्रमाणावर परदेशाकडे पाहावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

माळरानावरची तपश्चर्या

या पार्श्वभूमीवर आपल्या पूर्वसुरींनी काय केले ते आठवावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत होते. पुढे बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांत समजूत होती आणि पहिले नांगर विकायला फार काळ लागला. १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर, निवडुंगाच्या बेटांत, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्या माळावर वीज नव्हती, प्रशिक्षित कामगार नव्हता, सुटे भाग मिळायला जवळ बाजारपेठ नव्हती. जे हवे ते स्वतः घडवायचे, हाच तेथला नियम होता. त्या नियमाने माणसेही घडवली.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रांची आवक आटली, तेव्हा या परंपरेतूनच १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर उभा राहिला आणि त्याचे लेथ देशभरच्या कारखान्यांत पोचले. १९४३ मध्ये सिकंदराबादेस प्रागा टूल्स निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. त्याच दशकात अंबरनाथला यंत्रनिर्मितीचा सरकारी कारखाना चालू झाला आणि १९६१ मध्ये जर्मन सहकार्याने भारत फ्रिट्झ वर्नर मिलिंग मशीनच्या निर्मितीत उतरली. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा प्रकल्प उभारताना वाहनांच्या आधी प्रशिक्षणाला आणि यंत्रनिर्मितीला हात घातला. प्रथम माणूस, मग यंत्र आणि मग उत्पादन, हा त्यांचा क्रम होता. आज म्हैसूर किर्लोस्कर बंद पडला आहे. त्याने घडवलेले कित्येक लेथ मात्र लहानसहान शेडमधून अजूनही फिरत आहेत. निर्मात्याच्या पश्चात त्याची निर्मिती राबते आहे, याहून गुणवत्तेचे दुसरे प्रमाणपत्र कोणते?

कोल्हापूरची गोष्ट तर स्वतंत्र ग्रंथाची आहे. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून बाबुराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला. फिल्म एकेक चौकट पुढे सरकवणारी ती यंत्रणा घडवायची म्हणजे दातेरी चाकांची आणि मापांची किती जाण लागली असेल, याची कल्पना करावी. आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया जितका रंगभूमीवर आहे, तितकाच तो यंत्रशाळेतही आहे. त्याच शहरातल्या उद्यमनगरात पुढे तेलावर चालणारी इंजिने घडली, ओतकामाचे कारखाने निघाले आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहती बहरल्या. या भरभराटीमागे पदवीधर अभियंत्यांपेक्षा मिस्त्री अधिक होते. त्यांपैकी कित्येकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. परंतु आणून दिलेला परदेशी सुटा भाग हातात घेऊन, उलटसुलट करून, तो कसा घडला असेल हे ते सांगू शकत आणि दोन दिवसांत तसाच घडवूनही देत.

देशाच्या इतर भागांतही हीच साधना चालू होती. बिहारमधील जमालपूरचे रेल्वेचे वर्कशॉप १८६२ चे. अजमेरच्या वर्कशॉपात १८९५ साली भारतात बांधलेले पहिले रेल्वे इंजिन तयार झाले. हिंदी कारागीर नाजूक काम करू शकणार नाही, असे मानणाऱ्या राज्यकर्त्यांच्याच कारखान्यात हिंदी हातांनी ते घडवले. अशा वर्कशॉपांतून शिकून बाहेर पडलेल्या फिटर-टर्नरांनी पुढे देशभर लहान कारखाने काढले. विद्यापीठ याहून वेगळे काय करते?

जुने यंत्र काय शिकवते?

येथे कोणी म्हणेल, हे सारे गौरवाचे आहे. पण संगणकनियंत्रित यंत्र तेच काम दहापट वेगाने आणि अधिक अचूक करते, मग जुन्याचा आग्रह कशासाठी? आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. उत्पादनासाठी जुन्या यंत्राचा आग्रह कोणी धरत नाही. आग्रह आहे तो शिक्षणासाठी आणि स्मृतीसाठी.

एक साधे उदाहरण घेऊ. मिलिंग मशीनवर गिअरचे दाते पाडण्यासाठी डिव्हायडिंग हेड नावाचे उपकरण वापरतात. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला, की काम एकदा पूर्ण फिरते. आता २८ दात्यांचा गिअर करायचा आहे. ४० ला २८ ने भागले, तर एक पूर्ण आणि तीन सप्तमांश फेरा येतो. मग २१ छिद्रांचे वर्तुळ निवडायचे; कारण २१ चे तीन सप्तमांश म्हणजे ९. प्रत्येक दात्यासाठी एक पूर्ण फेरा आणि वर ९ छिद्रे. एक छिद्र मोजायला चुकले, की अठ्ठाविसावा दात बिघडतो आणि सगळा जॉब वाया जातो. शाळेत ज्या मुलाला अपूर्णांक रुक्ष वाटले, त्याच मुलाला या दांड्याजवळ उभे केले, की अपूर्णांक म्हणजे काय ते कायमचे कळते. संगणकाच्या पडद्यावर २८ हा आकडा भरला, की काम होते. पण आकडा भरणाऱ्याला गणित येतेच असे नाही.

दुसरे उदाहरण स्पर्शाचे. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये आणि नटमध्ये थोडी ढिलाई असतेच. म्हणून जाणता कारागीर चाक नेहमी एकाच दिशेने फिरवत खुणेवर आणतो. खूण ओलांडली गेली, तर पुरेसे मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने येतो. कटर कोणत्या बाजूने फिरतो आणि काम कोणत्या बाजूने सरकते, याचे भान ठेवले नाही, तर झिजलेल्या यंत्रावर कटर जॉब ओढून घेतो आणि क्षणात कटरही तुटतो. किसाचा रंग पाहून उष्णता किती होते आहे ते कळते. कटरचा आवाज बदलला, की त्याची धार गेल्याचे कळते. हे ज्ञान पुस्तकात दोन ओळींचे आहे आणि हातात यायला दोन वर्षे लागतात. नव्या यंत्रात धातू कापण्याचे नियम बदललेले नाहीत. ते केवळ काचेच्या दाराआड गेले आहेत. ज्याने ते नियम उघड्या यंत्रावर अनुभवले, तोच बंद दाराआडच्या यंत्राला योग्य आज्ञा देऊ शकतो.

तिसरी गोष्ट घडणीची. जुन्या चांगल्या यंत्राचे बिडाचे ओतीव अंग ओतल्यानंतर कित्येक महिने उन्हापावसात तसेच ठेवले जाई, म्हणजे आतले ताण हळूहळू निघून जात. मगच त्यावर काम होई. सरकती पृष्ठे कारागीर हाताने, निळा रंग लावून, ठिपका-ठिपका खरवडून जुळवत. वजनदार बीड कंपने गिळून टाकते, म्हणून पन्नास वर्षांनीही असे यंत्र शांतपणे कापते. घाईच्या युगात धीर हा गुण कोणी शिकवत नाही. हे यंत्र तो न बोलता शिकवते. शिवाय ते आपल्या पोटातले काही लपवत नाही. झाकण काढले, की कोणता गिअर कोणाला फिरवतो ते दिसते. बिघडले, तर गावातला मिस्त्री ते दुरुस्त करतो. त्यासाठी परदेशातून कोणाला बोलवावे लागत नाही, की एखादी सर्किटची पाटी कालबाह्य झाली म्हणून अख्खे यंत्र मोडीत काढावे लागत नाही. स्वावलंबन हा शब्द भाषणातून ऐकणे वेगळे आणि तो असा उघड्या डोळ्यांनी पाहणे वेगळे.

दुसऱ्यांनी काय जपले?

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जेम्स वॉटची खासगी कार्यशाळा आहे. वॉट १८१९ मध्ये वारला. त्यानंतर ती खोली जवळजवळ जशीच्या तशी राहू दिली गेली आणि १९२४ साली आतल्या आठ हजारांहून अधिक वस्तूंसह संग्रहालयात हलवली गेली. ज्या विंडसर गावच्या कारखान्याचा उल्लेख वर आला, तो काही वर्षांतच डबघाईला आला. त्या इमारतीत पुढे इतर उद्योग आले नि गेले. तरी १८४६ ची ती वास्तू पाडली गेली नाही आणि १९६६ मध्ये तेथे अचूक यंत्रांचे संग्रहालय स्थापन झाले. त्या देशांनी आपल्या सेनापतींचे पुतळे उभारले, तसे आपल्या लेथ आणि मिलिंग मशीनलाही छप्पर दिले. आपण कृतज्ञतेच्या संस्कृतीचे वारस म्हणवतो. परंतु या बाबतीत कृतज्ञता त्यांनी दाखवली, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. अजमेरचे १८९५ चे इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. एचएमटीने बंगळुरूला आपल्या वाटचालीचे संग्रहालय मांडले आहे. पण ज्या महाराष्ट्राला औद्योगिक प्रगतीचा सार्थ अभिमान आहे, तेथे सामान्य मिस्त्रीचे वर्कशॉप पिढ्यांपुढे ठेवण्याचा विचार क्वचितच झाला. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. माग आणि चात्यांबद्दल थोडेफार लिहिले गेले; पण त्या मागांचे सुटे भाग घडवणारी गिरणीतली वर्कशॉपे, त्यांतले छताखालून फिरणारे लाइनशाफ्ट, पट्ट्यांवर चालणारी यंत्रे आणि ती चालवणारी कोकणातून व घाटावरून आलेली माणसे यांची दखल कोणी घेतली? यंत्रे वितळली आणि त्यांच्याबरोबर एका श्रमसंस्कृतीची साक्षही वितळली.

काय करता येईल?

नुसता शोक करून भागणार नाही, आणि सगळे जुने जपा असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. शंभरांतली नव्वद यंत्रे भट्टीत जाणारच. त्या लोखंडातून नवे यंत्र जन्माला येणार असेल, तर त्यात वाईटही काही नाही. उरलेल्या दहांचा विवेक मात्र केला पाहिजे. त्यासाठी फार मोठा खर्च नको, इच्छा हवी.

पहिली गोष्ट, प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीतील उद्योजक संघटनेने एक लहानशी शेड राखावी. त्यात एक लेथ, एक शेपर, एक मिलिंग मशीन आणि एक सरफेस प्लेट चालू स्थितीत ठेवावी. काचेच्या पेटीतले यंत्र मुके असते. तेल घातलेले, फिरणारे यंत्र बोलते. आठवड्यातून एक दिवस शाळांतील मुलांना ते पाहता यावे, हात लावता यावा.

दुसरी गोष्ट, जुने यंत्र विकताना मालकाने भंगारवाल्याच्या आधी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला किंवा तंत्रनिकेतनाला विचारावे. भंगाराच्या भावात आणि दानाच्या पुण्यात जो काही फरक असेल, तो बहुतेकांना सोसण्याजोगा असतो. संस्थांनीही मिळालेले यंत्र प्रवेशद्वाराशी रंग देऊन शोभेला उभे करू नये. फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट होऊ पाहणाऱ्या मुलांच्या हाती ते द्यावे.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट माणसांची आहे. यंत्र गंजले, तर पुन्हा घासता येते. ज्याला पृष्ठ खरवडून सपाट करता येते, ज्याला आवाजावरून धार कळते, असा सत्तरीतला मिस्त्री गेला, की त्याची विद्या परत येत नाही. त्याच्याजवळ बसून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि हातांचे चित्रण करून ठेवावे. त्याच्या भाषेतले शब्दही टिपून घ्यावेत. आटे, बीड, कानस, सूत हे शब्द कोणत्या परिभाषा समितीने दिलेले नाहीत. ते कारखान्याच्या जमिनीवर रुजले आहेत. एक इंच म्हणजे आठ सूत हे हिशेब ज्याच्या बोटांवर होते, त्याने मराठीला तंत्राची भाषा बनवले आणि त्याबद्दल कधी शाल-श्रीफळ मागितले नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एकेका मिस्त्रीची अशी नोंद केली, तर दहा वर्षांत महाराष्ट्राच्या कारागिरीचा कोश उभा राहील.

चौथी गोष्ट दृष्टिकोनाची. हाताला तेल लागणे म्हणजे कमीपणा, ही भावना आपल्या मध्यमवर्गात खोल रुतून बसली आहे. ज्या घरात मुलाने संगणकाच्या पडद्यापुढे बसावे असे वाटते, त्याच घरातल्या कोणा आजोबांनी एके काळी मिलिंग मशीनच्या पगारावर हे घर उभे केलेले असते. श्रमाला प्रतिष्ठा देण्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या. प्रतिष्ठा घोषणेने येत नाही. ज्या वस्तूला आपण जपतो, तिलाच समाजात मान आहे हे मुलांना आपोआप कळते. तांब्याचा बंब आणि पितळी समई जपणाऱ्या घरांनी पूर्वजाचा एखादा मायक्रोमीटर किंवा कॅलिपरही त्याच आदराने जपावा.

आज देशात पुन्हा एकदा स्वदेशी उत्पादनाचा गजर होत आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण परदेशी यंत्र आणून त्यावर देशी माल काढणे ही स्वदेशीची पहिली पायरी झाली. यंत्र घडवणारे यंत्र स्वतः घडवणे ही खरी पायरी आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावर, हरिहरला, उद्यमनगरात ती पायरी आपण एकदा चढलो होतो. कशी चढलो, याचे पुरावे अजून अनेक शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, धुळीखाली उभे आहेत. ते वाचता येणारी माणसेही अजून आपल्यात आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्यायला हवे. कारण भट्टीत गेलेले बीड नवा आकार घेऊन परत येते, विसरलेली विद्या मात्र पुन्हा पहिल्या पाटापासून खरवडत आणावी लागते.